घरच्या स्टुडिओच्या नोंदी: खोली आधी, माइक नंतर

४ जानेवारी

खोली नक्की केली. घराच्या मागच्या बाजूची, ४.२ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद, छत २.९ मीटरवर. रस्ता पुढून जातो, म्हणजे मधल्या खोल्या आयत्याच आड येतात. एक दार, एक खिडकी. इथे गाणं, निवेदन, तबला, पेटी, तंबोरा आणि गिटार नीट मुद्रित व्हायला हवं. एका वेळी दोन माणसं, क्वचित तीन. ड्रमसेट यादीत नाही. त्याला मोठी जागा लागते आणि तो भिंतीपलीकडे फार जातो.

हे आधी लिहून ठेवलं, कारण सामानाची यादी यावरूनच निघते. खर्चाचा क्रमही ठरवला: खोली, मग ऐकायची साधनं, मग माइक आणि इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र). बहुतेक जण माइकपासून सुरुवात करतात. मला तो क्रम पटत नाही. माइक जितका चांगला, तितका तो खोली बारकाईने ऐकतो. घुमणाऱ्या खोलीतलं घुमणं त्यात जास्तच स्पष्ट येतं, आणि एकदा आवाजात मिसळलेली खोली नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलं की आवाजालाही ओरखडे पडतात.

६ जानेवारी

आज फक्त ऐकलं. सकाळी, दुपारी आणि रात्री दार लावून खोलीच्या मधोमध बसले. रात्री स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर भिंतीतून येते. दिवसा पंपाचा आवाज आणि पक्षी. खोलीच्या मध्यावर टाळी वाजवली की मागे एक धातूसारखी 'ट्र्र्र' उमटते. दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज टोलवला जातो, त्याची ही फडफड. गायकाच्या प्रत्येक शब्दाला ती चिकटेल.

१० जानेवारी

मोजमाप. यूएसबीवर चालणारा सर्व दिशांनी ऐकणारा मोजणीचा माइक, घरातले स्पीकर आणि 'रूम इक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होतं. २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा, माइकने परत घ्यायचा, आणि सॉफ्टवेअर सांगतं की खोलीने त्यात काय भर घातली आणि काय खाल्लं. मधल्या सुरांच्या पट्ट्यात निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, सुमारे ०.८ सेकंद आला. राहायच्या खोलीला चालेल. आवाजाच्या जवळून केलेल्या रेकॉर्डिंगला ०.३ ते ०.४ सेकंद हवा.

खालच्या सुरांचं गणित वहीत केलं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेची पहिली स्थिर लहर, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर, मिळते. लांबीची ४१, रुंदीची ५२, उंचीची ५९ हर्ट्झ. तिन्ही वेगवेगळ्या आहेत, हे बरं. खोली चौरस असती किंवा उंची रुंदीइतकीच असती, तर दोन लहरी एकाच जागी येऊन तो एकच सूर फुगला असता. तरी या तिघींच्या दुपटी ८२, १०४ आणि ११८ वर येतात, आणि पुरुषी आवाजाचा तळ, डग्ग्याची मींड, गिटारची सहावी तार (८२ हर्ट्झ) सगळी तिथेच राहतात. गिटारचा तो एकच सूर इतरांपेक्षा मोठा ऐकू आला, तर दोष वादकाचा धरायचा नाही.

१४ जानेवारी

ज्यांना ज्यांना खोलीचं सांगितलं, त्यांचा पहिला प्रश्न एकच: "फोम लावणार ना, म्हणजे बाहेरचं ऐकू येणार नाही?" यातली गल्लत इतकी सर्वत्र आहे की इथे सविस्तर लिहिते.

बाहेरचा आवाज आत येऊ न देणं आणि आतला आवाज आत घुमू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. भिंतीचं दर चौरस मीटरचं वजन दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबल जास्त अडतं. फोमला वजनच नसतं, म्हणून तो पहिल्या कामाला निरुपयोगी. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांना निरुपयोगी.

वजनापेक्षाही फट महत्त्वाची. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिली की एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. माझ्या दाराखालची फट एवढीशी, पण त्या भिंतीचा सगळा निकाल तीच ठरवत होती. भिंत नव्याने बांधणं माझ्या आवाक्याबाहेरचं, फट बुजवणं आवाक्यातलं. दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी, खाली दार मिटताना टेकणारी झडप, चौकट आणि भिंत यांच्यातल्या भेगांत कायम मऊ राहणारं सीलंट. खिडकीला आतून दुसरी काच, पहिलीपासून १० सेंटिमीटरवर आणि वेगळ्या जाडीची, म्हणजे दोन्ही काचा एकाच सुराला थरथरत नाहीत.

संध्याकाळी पुन्हा बसले. पक्षी गेले. फ्रिज अजून थोडा येतो. घट्ट बंद खोलीत हवा खेळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने दार उघडून विश्रांती, हा या खोलीचा नियम.

१९ जानेवारी

आवाज शोषणाऱ्या पॅनेलचं सामान आलं: लाकडी पट्ट्या, १० सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), सुती कापड. कापडाची परीक्षा सोपी आहे: तोंडाला लावून फुंकर मारायची. हवा सहज पार झाली तर आवाजही पार होतो. रॉकवूल कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

जाडीचं कारण: ध्वनीची लहर भिंतीला अगदी लागून जवळपास थांबलेली असते. हवेचे कण सर्वांत जोरात हलतात ते भिंतीपासून पाव लहर अंतरावर, आणि तंतूंचं शोषण त्या हलण्यावरच चालतं. अडीच सेंटिमीटरचा फोम फक्त तीक्ष्ण स्वर खातो, तळ तसाच राहतो, आणि खोली बुजलेली पण खाली गुरगुरणारी होते. १० सेंटिमीटरचं पॅनेल भिंतीपासून आणखी १० सेंटिमीटर पुढे टांगलं की पाव लहरीचा हिशोब ४३० हर्ट्झपर्यंत उतरतो, आणि त्याच्याखालीही बराच उपयोग होतो. मधली हवा फुकट मिळते. ती सोडू नये.

पॅनेल किती, याचा अंदाज ज्या सूत्राने केला ते वॉलेस सॅबिन यांचं. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, आणि ते काम या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. रात्री सगळं शांत झालं की तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. त्या गाद्यांतून निघालेलं सूत्र: निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. माझी खोली ४० घनमीटर. ०.८ सेकंद म्हणजे आत्ताचं शोषण सुमारे ८ चौरस मीटर. १.२ बाय ०.६ मीटरची १० पॅनेल म्हणजे आणखी ७.२. उत्तर आलं ०.४२ सेकंद. गालिचा आणि पुस्तकांचं कपाट धरलं तर ०.४च्या खाली.

छोट्या खोलीत हे सूत्र साधारण २०० हर्ट्झच्या वरच भरवशाचं. त्याखाली खोली तीन लहरींची असते, आणि तिथे कोपऱ्यांतल्या जाड थरांवरच मदार.

२५ जानेवारी

पॅनेल लागली. चार कोपऱ्यांत तिरकी, जमिनीपासून वर. बाकीची गायकाच्या मागच्या भिंतीवर आणि स्पीकरच्या बाजूंच्या भिंतींवर. बाजूच्या भिंतीवरची जागा आरशाने शोधली: ऐकायच्या खुर्चीत बसायचं, कोणीतरी भिंतीवर आरसा सरकवायचा, ज्या जागी स्पीकर दिसतो तिथे पॅनेल. प्रकाश आणि आवाज सपाट भिंतीवर एकाच नियमाने परततात.

उरलेल्या भिंती उघड्या ठेवल्या. सगळी खोली मढवली की गायकाला स्वतःचा आवाज परत मिळत नाही आणि तो जोर लावायला लागतो.

मोजणी: ०.३८ सेकंद. टाळी कोरडी.

२८ जानेवारी

स्पीकर. लांबीच्या दिशेने तोंड, कान आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण, वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला. खुर्ची पुढच्या भिंतीपासून १.६ मीटरवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. अगदी मध्यावर बसलं तर ४१ हर्ट्झचा सूर ऐकूच येत नाही, तिथे त्या लहरीची गाठ असते. रुंदीत मात्र मध्यावर बसावंच लागतं, नाहीतर डावं-उजवं समान राहत नाही. त्यामुळे ५२ हर्ट्झला आलेखात खड्डा आहे आणि राहणार. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तो भरत नाही, कारण तिथे जितका आवाज वाढवावा तितकाच तो स्वतःला मारतो. खालचा तळ हेडफोनवर तपासायचा, असं ठरवून टाकलं.

१ फेब्रुवारी

इंटरफेस आला. दोन माइकचे इनपुट, ४८ व्होल्टची फँटम (माइकला मिळणारी वीज), ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाज वाढवायची ताकद), आणि माइकचा आवाज संगणकातून न फिरवता थेट हेडफोनला देणारं बटण. या शेवटच्या गोष्टीसाठी मी अडून बसले होते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक आवाज साठवून पुढे देतो तो तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, जाण्या-येण्याचे आणि रूपांतराचे धरून ते ८-१० पर्यंत जातात. बोलणाऱ्याला फारसं कळत नाही, पण गाणाऱ्याच्या कवटीतून येणारा स्वर आणि हेडफोनमधला उशिराचा स्वर एकमेकांत मिसळून आवाज पोकळ लागतो. थेट बटण दाबलं की हा प्रश्नच उरत नाही.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ कायमचं. १६ बिटची पल्ला-मर्यादा ९६ डेसिबल, २४ची कागदावर १४४. म्हणून लेव्हल लाल रेषेला भिडवायची गरज उरलेली नाही. सर्वांत मोठी तान उणे १० ते उणे १२ डेसिबलवर थांबेल इतकाच गेन. तार सप्तकात गायक किती उघडेल ते आधी कधीच नीट कळत नाही. ती जागा त्याच्यासाठी राखलेली.

६ फेब्रुवारी

माइक. आता.

एक मोठ्या पडद्याचा कंडेन्सर (विजेवर चालणारा, बारीक आवाज टिपणारा माइक), गाण्यासाठी. निवडताना सर्वांत आधी त्याचा स्वतःचा गोंगाट पाहिला. ५ डेसिबलच्या आसपासचा घेतला. तंबोरा आणि कुजबुजता आलाप यांच्यामागे माइकची सळसळ ऐकू येता कामा नये. एक शुअर एसएम५७, १९६५पासून चालत आलेला डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणारा माइक). जोरात वाजणाऱ्या कशाच्याही तोंडाशी न घाबरता ठेवता येतो आणि पडला तरी बहुधा शाबूत राहतो. आणि छोट्या पडद्याच्या कंडेन्सरची जुळवलेली जोडी, तबला आणि गिटारसाठी.

कंडेन्सरला लागणारी ४८ व्होल्टची वीज माइकच्याच केबलमधून जाते. नॉयमन कंपनीने १९६६मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ही सोय केली. ४८ हा आकडा आला कारण तिथल्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी तेवढ्या व्होल्टचा पुरवठा आधीच होता. ती वीज दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांवर सारखीच असते, म्हणून नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला तिचा त्रास होत नाही. जुन्या रिबन माइकला (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या) मात्र सदोष केबलमधून ती गेली तर रिबन ताणली जाऊ शकते. कोणी रिबन माइक घेऊन आलं, तर आधी फँटम बंद.

स्टँडवर कंजूषी केली नाही. हलक्या स्टँडवरचा मोठा माइक टेक चालू असताना हळूहळू खाली झुकतो.

७ फेब्रुवारी

केबल. माइकच्या वायरी आणि विजेच्या वायरी समांतर नेल्या नाहीत. जिथे ओलांडाव्या लागल्या तिथे काटकोनात. सगळं एकाच प्लगबोर्डवर. गुणगुण नाही.

११ फेब्रुवारी

गाणाऱ्या ताई आल्या. माइक कुठे ठेवायचा, यावर चांगला वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला.

माइकच्या पाठीमागे फोमची अर्धगोल ढाल लावायची पद्धत आहे. पण समोरून ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड, माइक पाठीमागचं मुळातच कमी ऐकतो. त्याचं तोंड गायकाकडे, आणि गायकाच्या मागे भिंत. खोलीचा परतणारा आवाज तिथूनच थेट माइकमध्ये शिरतो. म्हणून शोषण गायकाच्या पाठीमागे हवं. ताईंना पॅनेलकडे पाठ करून उभं केलं, कोपऱ्यापासून दूर, खोलीच्या मध्यापासूनही थोडं बाजूला.

अंतर वीतभर. जवळ गेलं की अशा माइकमध्ये तळ फुगतो. निवेदकांना तो आवडतो, ख्यालाला तो जड करतो. लांब गेलं की खोली वाढते: अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि खोली तेवढीच राहते. पॉप फिल्टर (तोंडाचा झोत अडवणारी जाळी) माइकपासून चार बोटांवर. चाचणीला 'भरभरून फुललेला पारिजात' म्हणायला सांगितलं. महाप्राण व्यंजनांत हवेचा झोत असतो, आणि मराठीत ती पावलोपावली आहेत. दुसरी चाचणी स, श आणि 'चाक'मधल्या च साठी. तो च 'स'इतकाच टोचतो. माइक तोंडाच्या रेषेतून थोडा वळवला, ओठांऐवजी गालाकडे, आणि टोचणं बसलं.

ताईंनी हेडफोनचा एक कान काढून ठेवला. "दोन्ही झाकले की मला माझा षड्ज दिसत नाही," म्हणाल्या. बंद पाठीचे हेडफोन गाण्यासाठी घेतले ते सूर बाहेर गळू नये म्हणून. एक कान उघडा ठेवला तर त्या बाजूची वाहिनी बंद करायची, म्हणजे तंबोऱ्याचा सूर माइकमध्ये शिरत नाही.

१६ फेब्रुवारी

तबला. या वाद्याचा मान वेगळा. साध्या चामड्याच्या वाद्याचे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून नुसता धप्प आवाज येतो. मधली शाई ते स्वर जागेवर आणते आणि तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२०मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं. माइकवाल्यासाठी याचा अर्थ असा, की पुडीचा प्रत्येक भाग वेगळा स्वर देतो. चाटेवरचा (पुडीच्या कडेवरचा) 'ना' आणि शाईच्या कडेचा 'तिं' दोन्ही हवे असतील तर माइक एकाच भागाच्या फार जवळ नको.

जोडीतला एक माइक दायांवर, एक डग्ग्यावर, पुडीपासून दीड वीत वर, वादकाच्या समोरून खाली बघणारे. दोघांतलं अंतर प्रत्येकाच्या पुडीपासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवायचा जुना नियम इथे पाळता येत नाही, वाद्यं शेजारी बसतात. म्हणून दोन्ही माइक बाहेरच्या बाजूला वळवले, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र करून एकाची ध्रुवता (लहरीची वर-खाली दिशा) उलटून ऐकलं. ज्या स्थितीत डग्गा भरीव लागतो ती ठेवायची.

तबलावादक दादांनी पहिला टेक ऐकून गालिचा हाताने चाचपला. "खाली लाकूड द्या, डग्गा बसतोय." गालिच्यावर प्लायवूडची फळी टाकली, तिच्यावर बैठक. डग्गा उठला. मोजणीच्या माइकने मला हे सांगितलं नसतं.

१८ फेब्रुवारी

पेटी. आवाज एका जागेतून येत नाही. वरच्या झाकणाच्या जाळीतून येतो, मागून येतो, आणि भाता चालवणाऱ्या हाताकडून हवेची सुसकारी येते. माइक समोरून हातभर अंतरावर, थोडा उंच, भात्यापासून दूरच्या बाजूला. जवळ नेला की पट्ट्यांची टकटक सुरांपेक्षा मोठी होते.

तंबोरा. जवारीतून (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकारातून) निघणारे वरचे स्वर हाच त्याचा प्राण, म्हणून छोटा कंडेन्सर घोडीच्या दिशेने. भोपळ्यासमोर ठेवला तर गरगर जास्त, झणकार कमी. गेन खूप वर जातो, आणि तेव्हाच फटी बुजवल्याचा खरा उपयोग कळला: इतक्या गेनवरही खाली काही नाही. फ्रिज तेवढ्यापुरता बंद केला होता.

गिटार: बाराव्या पडद्याच्या समोर, वीत-दीड वीत. भोकासमोर नाही, तिथे १०० हर्ट्झच्या आसपास पेटीची हवाच घुमते.

२३ फेब्रुवारी

किरकोळ, पण राहून चालणार नाही. करकर न करणारं स्टूल. गुणगुण न करणारे दिवे. संगणकाचा पंखा माइकच्या पाठीकडे, टेबलाखाली. माइकच्या डब्यांत सिलिका जेल, ओलसर हवेत कंडेन्सरचा पडदा तडतडू लागतो. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला अर्धा मिनिट रिकामी खोली मुद्रित करायची. दोन टेक जोडताना मधल्या जागी तीच शांतता लागते.

१ मार्च

ताई, दादा आणि पेटी, तिघांचं एकच गाणं. दोनच इनपुट, त्यामुळे आधी गाणं आणि पेटी, आणि तबला त्यावर दुसऱ्या दिवशी, हेडफोनमध्ये ऐकून. दादांना हे मनापासून आवडलं नाही. गायकाच्या श्वासावर ठेका धरायचा असतो, आणि तो श्वास समोर दिसायला हवा, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकूही येतं: सम गाठतात, पण मुखड्याआधीची ती किंचित ओढ नाही. पुढची खरेदी त्यावरून ठरली: चार माइक इनपुटचा इंटरफेस, आणि गायक व तबला यांच्यामध्ये उभं करायला चाकांवरची दोन पॅनेल, छातीच्या उंचीची, म्हणजे वरून एकमेकांचे चेहरे दिसत राहतील.

३ मार्च

फायलींची शिस्त. तारीख, वाद्य, टेक क्रमांक, याच क्रमाने नाव. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एक ट्रॅक मिनिटाला ८.६ मेगाबाइट घेतो. चार ट्रॅकची तासभराची बैठक दोन गीगाबाइटच्या थोडी वर. प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. माइकच्या जागा, अंतरं आणि गेनचे आकडे प्रत्येक बैठकीच्या फोल्डरमध्ये, फोटोसकट. चाकांच्या पॅनेलसाठी लाकूड मोजून सांगितलं आहे. रॉकवूल उरलेलं पुरेल.